पाच तासांचा न्यूरॉन

माझ्या कपाटात एक फोटो आहे. पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल. मागे पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी आहेत. पहिली अशी: ‘न्यूरॉन. मार्च २००१. ५ तास.’ अक्षर माझंच. दुसरी ओळ बरीच नंतरची, दुसऱ्याच पेन्सिलीनं लिहिलेली; तिच्याकडे शेवटी येईन.

फोटोत दहा-बारा पेशी आहेत. प्रत्येकीचं मधलं अंग गोल, चकचकीत, आणि त्यातून निघालेले लांब बारीक धागे, टोकांना फाटे फुटलेले. कुठल्याही पाठ्यपुस्तकात ‘चेतापेशी’ म्हणून खुशाल छापावं असं चित्र. तेव्हा आमच्या सूक्ष्मदर्शकावर रोलचा कॅमेरा असायचा. डेक्कनवरच्या स्टुडिओतल्या माणसानं प्रिंट हातात देताना विचारलं, ‘‘मॅडम, कोळ्यांवर संशोधन चाललंय का?’’ मी ऐटीत म्हटलं, ‘‘नाही हो, मेंदूच्या पेशी आहेत या. माणसाच्या हाडातून केलेल्या.’’

चुकलो आम्ही दोघंही. त्याच्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नाही.

मी शास्त्रज्ञ नव्हे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं टेक्निशियन होते आणि माझं काम पेशी जगवण्याचं. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी आणि वर गुलाबी मीडियम. मीडियम पिवळं पडायला लागलं की समजायचं, खाऊन झालं, आता बदला. रविवार असो की लक्ष्मीपूजन, पेशींना सुट्टी कळत नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, ‘‘आमच्या सुनेची दोन विरजणं असतात. एक फडताळात, एक हापिसात.’’ निवृत्त झाल्यावर या विरजणाचा इतिहास सवडीनं वाचला, तेव्हा कळलं की ही सगळी कलाच मुळी एका चेतापेशीपायी जन्माला आली.

साल १९०७. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन नावाचा भ्रूणशास्त्रज्ञ होता. त्या वेळी पंडितांत वाद चालला होता: मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू येतो कुठून? काही म्हणत, तो एकाच पेशीतून फुटतो आणि वाढत वाढत जातो. काही म्हणत, वाटेतल्या पेशी मिळून तो विणतात. मेलेल्या, रंगवलेल्या चकत्या पाहून हे ठरणार नव्हतं, कारण चकतीत दोरा दिसतो, तो कुणी वळला ते दिसत नाही. हॅरिसननं बेडकाच्या भ्रूणातून चेतासंस्थेचा एक कण उचलला, बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला, थेंब काचेच्या पातळ तुकड्याखाली उलटा टांगला आणि कडा मेणानं बंद केल्या. आजूबाजूला विणायला दुसऱ्या पेशीच नव्हत्या. तरी तंतू निघाला. त्याचं टोक चाचपडत, हात पसरल्यासारखं करत पुढे सरकत होतं. हॅरिसन ते वेळोवेळी पाहत होता, काढून ठेवत होता. वाद मिटला, आणि शरीराबाहेर पेशी जगवता येतात हेही जगाला कळलं. आमच्या धंद्याची ती पहिली डिश.

हॅरिसननं पाहिलं ते चित्र नव्हतं, वाढ होती. हा फरक पुढे फार महागात पडणार होता.

चेतापेशी वाढते हे भ्रूणात दिसलं. पण मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी चेतापेशी जन्मते का? स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांचं उत्तर नकारार्थी होतं. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवून त्यांनी मेंदूचा असा काही नकाशा काढला होता की १९०६चं नोबेल त्यांना कामिलो गोल्जी यांच्याबरोबर मिळालं. काही वर्षांनी लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी निकाल दिला: प्रौढ मेंदूत मरतं सगळं, नवं काही उगवत नाही. हा कठोर निकाल बदलता आला तर उद्याच्या विज्ञानानं बदलावा, असंही त्यांनी तिथेच म्हटलं होतं. लोकांनी निकाल तेवढा पाठ केला.

इतका पाठ, की १९६०च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांना कुणी ऐकून घेईना. ऑल्टमन अमेरिकेतल्या एमआयटीत होते. दुभंगणारी पेशी नवा डीएनए तयार करताना थायमिडीन हे द्रव्य वापरते. त्यांनी मोठ्या उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन टोचलं आणि मेंदूच्या चकत्या फोटोच्या इमल्शनखाली ठेवल्या. जिथे नवी पेशी जन्मली असेल तिथे काळे ठिपके उमटणार. ते उमटले. १९६५मध्ये त्यांनी गोपाल दास या सहकाऱ्याबरोबर सविस्तर निबंध छापला: स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात जन्मानंतरही चेतापेशी तयार होतात. विद्वानांनी मान हलवली. त्या चेतापेशी नसतील, भोवतीच्या आधारपेशी असतील, असं म्हणून विषय बंद झाला. १९७१मध्ये या दोघांनी चेतापेशींच्या पूर्वज पेशी एका प्राण्यातून काढून उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत रुजवल्याही. आज ज्याला पेशी-उपचार म्हणतात त्याची ही एक सुरुवात, आणि निबंधावर दास हे आडनाव आहे, हे मला वाचनालयात बसून साठीत कळलं.

दारं उघडली ती १९९२मध्ये. कॅनडात कॅल्गरीला ब्रेंट रेनल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी काढून वाढीच्या एका प्रथिनात ठेवल्या. काही पेशी दुभंगत गेल्या, त्यांचे तरंगते गोळे झाले आणि त्या गोळ्यांतून चेतापेशी निघाल्या. प्रौढ मेंदूत मूलपेशी असतात हे आता डिशमध्ये दिसत होतं. माणसाचा पुरावा १९९८मध्ये आला. स्वीडनमधल्या घशा-जिभेच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना गाठीची वाढ तपासण्यासाठी एक खुणेचं रसायन दिलं होतं. दुभंगणाऱ्या पेशीत ते कायमचं बसतं. त्यांतल्या पाच जणांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या चमूला हिप्पोकॅम्पसमध्ये ती खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या. माणसात हे किती प्रमाणात घडतं यावर आजही भांडण आहे. पण आपण जाणार हे ठाऊक असलेल्या पाच माणसांनी मागे ठेवलेली ही खूण आहे, आणि तो निबंध वाचताना मी नेहमी तिथेच थांबते.

मात्र मेंदूतल्या मूलपेशी काढायच्या तर कवटी उघडावी लागते. म्हणून सगळ्यांचे डोळे वळले सोप्या जागेकडे, हाडाकडे.

मॉस्कोत अलेक्सांद्र फ्रीडेनश्टाइन यांनी १९७०च्या सुमारास गिनी पिगच्या हाडातला मगज डिशमध्ये ओतला आणि पाहिलं की रक्ताच्या पेशी वर तरंगतात, पण मूठभर पेशी तळाला घट्ट चिकटतात आणि एकेका पेशीतून आख्खी वसाहत उभी राहते. त्यांच्यातून हाड घडवता येतं. अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१मध्ये या पेशींना ‘मेझेनकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं. हाड, कूर्चा, चरबी एवढं त्या करतात यात वाद नव्हता. माझ्या हाताखालून अशा शेकडो फ्लास्क गेल्या. हाडाच्या शस्त्रक्रियेत निघालेला मगज रुग्णाच्या संमतीनं यायचा. दोन दिवसांनी वरचं पाणी ओतून दिलं की तळाला माशांसारख्या लांबट पेशी राहायच्या, सगळ्या एका दिशेनं पोहत असल्यासारख्या. ट्रिप्सिन घालून सोडवायच्या, दोन फ्लास्कमध्ये वाटायच्या, पुन्हा भरल्या की पुन्हा वाटायच्या. गुणी पेशी. नखरे नाहीत.

आता आपल्या भाषेनं इथे करून ठेवलेली खोडी सांगते. आयुर्वेदाच्या सात धातूंमध्ये अस्थीनंतर मज्जा येते: हाडाच्या पोकळीतला मऊ गर. आणि शाळेच्या पुस्तकात मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द येतात ते चेतांसाठी. शब्द एक, पण शरीरात या दोन गोष्टींचं नातं जवळजवळ नाही. गर्भ तीन आठवड्यांचा असतानाच त्याचे तीन थर वेगळे होतात. हाड आणि त्यातला मगज मधल्या थरातून येतो, मेंदू आणि मज्जारज्जू बाहेरच्या, म्हणजे कातडीच्या थरातून. म्हणूनच ऑगस्ट २०००मध्ये न्यू जर्सीतल्या डेल वुडबरी, आयरा ब्लॅक आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तेव्हा खळबळ उडाली. उंदराच्या आणि माणसाच्या हाडातल्या मगजपेशी त्यांनी काही तासांत चेतापेशींसारख्या करून दाखवल्या होत्या. सर्वांत चांगल्या कृतीत जवळजवळ ८० टक्के पेशी चेतापेशींच्या खुणा दाखवत होत्या. एका थरातली पेशी दुसऱ्या थरात उडी मारते? तीही संध्याकाळच्या आत?

हे खरं असावं असं फार जणांना वाटत होतं. अमेरिकेत भ्रूणातल्या मूलपेशींवरून रान पेटलं होतं, आणि ऑगस्ट २००१मध्ये अध्यक्ष बुश यांनी त्या संशोधनाच्या सरकारी पैशावर मर्यादा घातल्या. प्रौढाच्या हाडातूनच चेतापेशी मिळत असतील तर भ्रूणाला हात लावायचं कारणच काय? असा निष्कर्ष धर्मालाही चालत होता, राजकारणालाही, आणि आमच्यासारख्या छोट्या प्रयोगशाळेच्या खिशालाही.

कृती सोपी होती. पेशींना एक दिवस बीटा-मरकॅप्टोइथेनॉलचा हलका डोस द्यायचा. त्याला नासक्या अंड्याचा असा वास येतो की दुपारचा डबा नको होतो. दुसऱ्या दिवशी सीरम काढून टाकायचं, म्हणजे पेशींचं जेवणच काढायचं, आणि मात्रा वाढवायची. दुसरी तऱ्हा होती डीएमएसओ आणि बीएचए यांची. डीएमएसओ म्हणजे पेशी गोठवताना आम्ही वापरतो ते. बीएचए म्हणजे तेला-वेफर्सना खवट वास येऊ नये म्हणून घालतात ते. सगळं कपाटात होतं. सकाळी दहाला मी डिश लावली, घड्याळ लावलं, आणि तीनला सरांसकट सहा माणसं सूक्ष्मदर्शकाभोवती रांग लावून उभी होती. मासे गेले होते. त्यांच्या जागी चकाकते गोळे आणि धागे. चेतापेशींची म्हणून ओळखली जाणारी प्रथिनं रंगवून पाहिली, रंगली. सरांनी चहाबरोबर बाकरवडी मागवली. तोच हा फोटो.

त्या मे महिन्यात सातारा जिल्ह्यात नणंदेच्या घरी लग्न होतं. मांडवात मी हा फोटो काढून दाखवला. वन्संना ओल्या हळदीच्या हातांनी तो धरता येईना, म्हणून त्यांच्या मुलानं, माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या भाच्यानं, तो धरून त्यांना दाखवला. मी म्हटलं, ‘‘हाडातल्या मज्जेपासून मज्जातंतू करता येतात आता.’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘मज्जेतनं मज्जा निघणार, त्यात नवल काय?’’ सगळे हसले. मीही त्यांना थर-बिर समजावत बसले नाही.

पुढच्या वर्षी आमच्याकडे एक वयस्क बाई व्याख्यानाला आल्या. त्यांची हयात चेतापेशींची वीज मोजण्यात गेली होती. चेतापेशी ओळखायची ती विजेवरून, रूपावरून नव्हे: आत-बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक, आणि डिवचलं की क्षणात उसळून परत बसणारी लाट. एर्विन नेहेर आणि बेर्ट साकमन यांनी काचेच्या मायक्रॉनभर टोकानं पेशीची त्वचा धरून एकेका वाहिनीतला प्रवाह मोजायची युक्ती काढली आणि १९९१चं नोबेल मिळवलं. बाईंनी आमचे फोटो शांतपणे पाहिले आणि दोन प्रश्न विचारले. ‘‘वीज मोजली का?’’ आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. ‘‘बरं. कातडीच्या पेशींना हेच पाजून पाहिलं का?’’

ते आम्हाला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कातडीच्या पेशींची डिश लावली. सकाळी दहा ते दुपारी तीन. कातडीच्या पेशींनाही धागे फुटले. मग मी डिशसमोरून हललेच नाही. पुन्हा एक लावून दर दहा मिनिटांनी पाहत बसले. तेव्हा दिसलं की धागे फुटतच नाहीत. पेशी पसरलेली असते, ती घाबरल्यासारखी आक्रसते. अंग मधे गोळा होतं आणि कडा जिथे तळाला चिकटलेल्या असतात तिथेच ताणून राहतात. त्या ताणलेल्या उरल्यासुरल्या दोऱ्यांना आम्ही धागे म्हणत होतो. नेहमीचं मीडियम परत घातलं तर बऱ्याच पेशी पुन्हा पसरल्या. न घालता ठेवलेल्या सकाळपर्यंत सुटून तरंगत होत्या, मेलेल्या.

हॅरिसन वाढीपाशी थांबून राहिला होता. आम्ही दहाला पाहिलं, तीनला पाहिलं, आणि मधल्या वेळात चहा घेतला.

घरी आले तेव्हा सासूबाई दुधात लिंबू पिळून छेना काढत होत्या. काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं तसं. त्यांनी कढईतलं फाटलेलं दूध ढवळत म्हटलं, ‘‘म्हणजे ते विरजलं नव्हतं गं. नासलं होतं.’’ याहून अचूक निष्कर्ष मी कुठल्या निबंधात वाचलेला नाही. लिंबानं दूध क्षणात फुटतं. दही लागायला रात्र जाते, आणि त्या रात्रीत दुधात काहीतरी जिवंत वाढत असतं. दिसायला दोन्हीकडे पांढरे गोळेच.

हा निकाल आम्ही कुठे छापला नाही. न जमलेलं कोण छापतं? वही मिटली, सर दुसऱ्या विषयाकडे वळले. नंतर २००४मध्ये दोन निबंध एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर आले, आणि अंक त्याच नियतकालिकाचा होता, ज्यात २०००ची कृती छापली होती. मार्क तुझिन्स्की यांच्या चमूनं पेशींचं चलतचित्र घेऊन दाखवलं की धागे वाढत नाहीत, पेशी आक्रसते. साबणासारखी द्रव्यं, जास्त मीठ, आम्ल किंवा अल्कली घातलं तरी तेच रूप येतं. नवं प्रथिन तयार करण्याची पेशीची क्षमता बंद केली तरी येतं, म्हणजे पेशी नवं काही घडवतच नव्हती. दुसऱ्या चमूनं दाखवलं की पेशीचा आतला सांगाडा मोडला की हे सोंग तयार होतं. त्याआधी २००२मध्येच मगजपेशींच्या इतर काही चमत्कारांचं दुसरं रहस्य बाहेर आलं होतं: पेशी बदलत नव्हती, शेजारच्या पेशीत मिसळून जात होती. ज्यांनी नाव दिलं होतं त्या कॅप्लन यांनीच २०१७मध्ये लिहिलं की या पेशींना ‘स्टेम सेल’ म्हणणं आता सोडून द्या.

ऑल्टमनच्या वेळी समोर असलेलं कुणाला पाहायचं नव्हतं. आमच्या वेळी सगळ्यांना इतकं पाहायचं होतं की नसलेलंही दिसलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही विज्ञानातली एक गमतीशीर चूक ठरली असती. पण २००६च्या गळीत हंगामात माझा तो भाचा उसाच्या ट्रॉलीवरून पडला. कंबरेखालचं सगळं गेलं. दीड-दोन वर्षांनी वन्संचा फोन आला: एका शहरातल्या दवाखान्यात हाडातली मज्जा काढून कण्यात सोडतात, तीन इंजेक्शनं, पोरगा उभा राहतो म्हणतात. मी म्हटलं, ‘‘वन्सं, त्यात अजून काही सिद्ध झालेलं नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘तूच तर फोटो दाखवलास.’’

मी गाडी करून गेले, सगळं समजावलं. पण मांडवात मी सांगितलं होतं ते एका वाक्यात सांगून झालं होतं, आणि आता जे सांगत होते त्याला तासभर लागत होता. आशा नेहमी लहान वाक्यात मावते. अर्धा एकर विकला गेला. तीन इंजेक्शनं झाली. पहिल्यानंतर ताप आला, बाकी काही आलं नाही.

दवाखान्याचं नाव इथे घेत नाही. तसे पुष्कळ होते. शब्दांचा जोर किती असतो याची खूण सरकारी कागदातही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २००७च्या मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकात मूलपेशी ‘संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढला. रक्ताच्या काही विकारांसाठीचं मगजरोपण वगळता बाकी सगळं अजून संशोधन आहे आणि ते रीतसर चाचणीतच व्हावं, असं त्या सूचना सांगतात. घाईचा धोका नुसत्या पैशाचा नसतो. नाकाच्या आतल्या अस्तरात आयुष्यभर नव्या चेतापेशी जन्मत असतात. म्हणून पोर्तुगालमध्ये काही रुग्णांच्या तुटलेल्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकाचं अस्तर बसवलं गेलं. त्यांतल्या एका अमेरिकन तरुणीच्या कण्यात आठ वर्षांनी गाठ सापडली. आत नाकाचंच अस्तर वाढलेलं होतं आणि ते शेंबडासारखा स्राव तयार करत होतं. २०१४मध्ये हे प्रसिद्ध झालं. पेशीनं आपला धर्म सोडला नव्हता. चुकीच्या गावात नेऊन बसवली तरी ती नाकच राहिली.

पेशीला धर्म सोडायला लावण्याची खरी रीत सापडली ती जपानमध्ये. शिन्या यामानाका आधी हाडांचे सर्जन व्हायला निघाले होते. शस्त्रक्रियेत हात इतका मंद की वरिष्ठ त्यांना ‘जामानाका’ म्हणत. ‘जामा’ म्हणजे अडथळा. ते संशोधनात आले. इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी १९६२मध्येच दाखवलं होतं की बेडकाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक अंड्यात घातलं तर त्यातून टॅडपोल होतो, म्हणजे पेशी मोठी झाली तरी जुनी पोथी फाडून टाकत नाही. यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांपासून सुरुवात केली, एकेक वगळत चारांवर आले, आणि २००६मध्ये उंदराची, २००७मध्ये माणसाची कातडीची पेशी मागे नेऊन मूलपेशी केली. त्यात ३६ वर्षांच्या एका बाईच्या चेहऱ्याच्या कातडीतल्या पेशी होत्या. २०१२चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळालं.

अशा मूलपेशीपासून चेतापेशी करताना कुठलाही धक्का देत नाहीत. गर्भात ज्या क्रमानं निरोप मिळतात त्याच क्रमानं ते द्यायचे. कातडी मागे न्यायला आठवडे, चेतांच्या वाटेला लावायला आठवडे, आणि मग तिच्यात वीज खेळू लागेपर्यंत आणखी आठवडे. धरून चला, तीन महिने. निवृत्तीआधी एका तरुण मुलीबरोबर मी अशी डिश सांभाळली. चाळिसाव्या दिवशी मला त्या हुबेहूब चेतापेशी वाटत होत्या. ती म्हणाली, ‘‘अजून नाही म्हणायचं, मॅडम. वीज आल्यावर म्हणू.’’ मला त्या पोरीचा हेवा वाटला.

आणि या पेशींनी सर्वांत आधी काम दिलं ते औषध पारखण्यासाठी. मेंदूचं औषध उंदरावर चालतं आणि माणसावर फसतं, हे नेहमीचंच. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून त्यावर औषध टाकून पाहता येत नाही. आता रुग्णाची चिमूटभर कातडी पुरते. २००८मध्ये हार्वर्डच्या केविन एगन यांच्या चमूनं एएलएस हा स्नायू निकामी करणारा रोग असलेल्या ८२ वर्षांच्या आजीबाईंच्या कातडीपासून त्यांच्याच चालक चेतापेशी तयार केल्या. पुढे अशा रुग्णांच्या पेशी डिशमध्ये वाजवीपेक्षा जास्त फडफडतात हे दिसलं. रेटिगाबिन हे फेफऱ्यावरचं औषध त्यांना शांत करतं, असं २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. मग ६५ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२१मध्ये निकाल आला: डिशमध्ये दिसलं तसं माणसातही झालं, चेतापेशींची फडफड कमी झाली. रोग बरा झाला, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ॲलन मॅके-सिम यांनी तर कवटी आणि जनुकं दोन्ही सोडून नाकाच्या अस्तरातल्याच मूलपेशी घेतल्या आणि पायांत आनुवंशिक ताठरपणा येणाऱ्या रुग्णांच्या पेशींवर औषधं तपासली. ते वाचताना मला तपकीर ओढणारे आमचे आजेसासरे आठवले. सत्तर वर्षं त्या अस्तराचा छळ करूनही शेवटपर्यंत आमटी करपली की सगळ्यांत आधी ओरडायचे तेच.

गेल्या दिवाळीत भाच्याकडे गेले. तो आता चाळिशीचा आहे, चाकाच्या खुर्चीवरून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आहे, माझ्या पहिल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा चांगला. दर दिवाळीला तो विचारतो तसं त्यानं विचारलं, ‘‘मग मामी, काय म्हणतायत तुमच्या पेशी?’’

या वेळी मी लहान वाक्य शोधलं नाही. सांगितलं: क्योटोत २०१८मध्ये पार्किन्सनच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत अशा मागे नेलेल्या पेशींपासून तयार केलेल्या सुमारे २४ लाख पेशी सोडल्या. एकूण सात रुग्ण. निकाल एप्रिल २०२५मध्ये आला. गंभीर अपाय झाला नाही. सहा जणांची हालचाल मोजली, त्यांत औषध उतरलेलं असताना चार जणांत सुधारणा दिसली. पण तो आजार मेंदूतल्या एका छोट्या जागेचा आहे, तुटलेल्या कण्याचा नाही. कण्याचं काम याहून पुष्कळ अवघड आहे आणि आज कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर जाऊ नकोस.

तो हातातला बोर्ड मल्टीमीटरवर तपासत ऐकत होता. म्हणाला, ‘‘म्हणजे अजून नाही.’’

‘‘अजून नाही.’’

मी पर्समधून फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. चोवीस वर्षांनी त्यानं तो पुन्हा हातात धरला, मागची ओळ वाचली आणि म्हणाला, ‘‘मग हे खोडा की.’’ मला ते खोडावंसं वाटेना. खोडलं तर आपण चुकलो होतो हेही गेलं. मी त्याच्या गल्ल्यावरची पेन्सिल घेतली आणि जे २००२मध्ये वहीत मिटून टाकलं होतं ते पहिल्या ओळीखाली लिहिलं: ‘कातडीच्या पेशीही अशाच दिसल्या.’